घरगुती कोंबड्यांची श्वसनरोग स्वॅब-तपासणी: दोन किट वापरल्यानंतरचे परीक्षण

कोंबडीला श्वासाचा त्रास आहे की नाही, हे दिवसा नीट कळत नाही. उकरणे, टोचणे, एकमेकींवर धावून जाणे आणि अंडे दिल्यावरचा कलकलाट या सगळ्यात एखादी बारीक शिंक सहज हरवून जाते. शिवाय आजार लपवणे हा या पक्ष्याचा स्वभावच असल्यामुळे पिसे फुलवून कोपऱ्यात बसलेली कोंबडीही माणूस समोर आला की ताठ उभी राहते. म्हणून अंधार पडल्यावर, सगळ्या दांडीवर बसून शांत झाल्या की, दिवा न लावता खुराड्याच्या दाराशी दोन-तीन मिनिटे उभे राहून ऐकण्याची मला सवय आहे. अशाच एका रात्री दांडीच्या डाव्या टोकाकडून ओलसर घरघर ऐकू आली, पाठोपाठ दोन तुटक शिंका, आणि मग पुन्हा घरघर. त्या टोकाला तांबडी बसते. बारा दिवसांपूर्वी आणलेल्या दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, तिच्या शेजारी बसू लागल्या होत्या, आणि त्यांना आधी वेगळे ठेवण्याचा मी कंटाळा केला होता, हे इथेच कबूल करून टाकते.

हे परीक्षण एका स्वॅब-तपासणी किटचे आहे. घरच्या घरी कोंबडीच्या घशातील नमुना घ्यायचा, तो थंड पाकिटातून प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि पीसीआर पद्धतीने, म्हणजे जंतूचे जनुकीय द्रव्य शोधून, केलेल्या तपासणीचा अहवाल मिळवायचा, असे या सेवेचे स्वरूप आहे. मी ती तीन महिन्यांत दोनदा वापरली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या तपासणीबद्दल अधिक आहे.

किट मागवण्यापूर्वी मी निलगिरी आणि मेंथॉल असलेले एक द्रावण पिण्याच्या पाण्यात घालून पाहिले. खुराड्याला दवाखान्यासारखा वास येऊ लागला आणि मला बरे वाटले. कोंबड्यांना मात्र तो वास आवडला नाही आणि त्यांनी पाणी कमी प्यायला सुरुवात केली. आजारी कोंबडीचे पाणी कमी होणे ही चांगली गोष्ट नव्हे, विशेषतः पुढे औषध पाण्यातूनच द्यायचे असेल तेव्हा. अशा द्रावणाने शेंबूड थोडा सैल होत असेलही, पण शेंबूड कशामुळे आला याचे उत्तर बाटलीत नसते. घरात मागच्या एका जखमेच्या वेळची अमॉक्सिसिलिनची पूडही उरलेली होती आणि ती देऊन टाकावी असा मोह झाला होता. ती दिली नाही, हे किती बरे झाले ते अहवाल आल्यावर कळले.

किटमध्ये पाच जंतूंचा शोध घेतला जातो: मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम, मायकोप्लाझ्मा सायनोव्ही, संसर्गजन्य कोरायझाचा जिवाणू, इन्फेक्शियस ब्राँकायटिसचा विषाणू आणि लॅरिंगोट्रॅकायटिसचा विषाणू. निवड विचारपूर्वक केलेली आहे, कारण शिंक, ओले नाक आणि डोळ्याच्या कोपऱ्यात जमणारा फेस यांवरून पहिल्या दोन दिवसांत या रोगांतला फरक अनुभवी माणसालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. कोरायझाची लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत लक्षणे दिसतात, डोळ्याखालचा भाग सुजतो आणि नाकातल्या स्रावाला अशी दुर्गंधी येते की खुराड्याचे दार उघडताच कळावे. ब्राँकायटिस हा कोरोनाविषाणूचा रोग. त्याची पहिली नोंद १९३१ साली झाली. तो दोन दिवसांच्या आत अंगात उगवतो, कळपभर झपाट्याने फिरतो आणि अंड्यांवर आपली खूण सोडून जातो, म्हणजे कवच पातळ आणि सुरकुतलेले होते आणि पांढरा बलक पाण्यासारखा पसरतो. लॅरिंगोट्रॅकायटिसमध्ये कोंबडी मान लांबवून, चोच उघडून श्वास ओढते आणि कधी कधी रक्तमिश्रित कफ झटकते. तो भिंतीवर उडालेला दिसला तर संशयाला फारशी जागा राहत नाही. मायकोप्लाझ्माला, म्हणजे कुक्कुटपालक ज्याला सीआरडी म्हणतात त्या जुनाट रोगाच्या जिवाणूला, कसलीच घाई नसते. लागणीनंतर सहा ते एकवीस दिवसांनी तो दिसू लागतो आणि मग आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. माझे बारा दिवस त्यात बसत होते. पण बसतात म्हणून तेच खरे, असे नाही; शिवाय हे रोग जोडीने येतात आणि एकाने खरवडलेल्या श्वासनलिकेत दुसरा शिरतो, म्हणून नुसत्या लक्षणांवरून औषध ठरवणे म्हणजे अंधारात दगड मारण्यासारखेच होते.

पाकिटातून दहा स्वॅब, द्रव भरलेल्या दोन झाकणबंद नळ्या, गोठवायच्या दोन जेल-पिशव्या, उष्णतारोधक पाकीट, एक अर्ज, सूचनापत्र आणि हातमोज्यांचा एकच जोड निघाला. स्वॅबची दांडी प्लॅस्टिकची आणि टोक पॉलिस्टरचे होते, ही योग्य निवड आहे. लाकडी दांडीतून किंवा अल्जिनेटच्या टोकातून येणारी द्रव्ये पीसीआरची अभिक्रिया रोखू शकतात आणि जंतू असूनही तो नसल्याचा निकाल येऊ शकतो. कुणी स्वॅब कमी पडले म्हणून घरातल्या कानकोरण्याच्या काड्या वापरण्याच्या विचारात असेल तर तो विचार सोडून द्यावा. हातमोज्यांचा एकच जोड मात्र समजण्यासारखा नाही. आजारी कोंबडीच्या चोचीत घातलेली बोटे तशीच निरोगी कोंबडीच्या चोचीत घालायची असतील, तर तपासणीनेच रोग पसरवल्यासारखे होईल. मी माझ्याकडचे मोजे वापरले आणि आधी निरोगी दिसणाऱ्या, मग शिंकणाऱ्या, असा क्रम ठेवला. सूचनापत्रात या क्रमाचा उल्लेख नाही.

नमुना घेण्याचे काम रात्री करावे. दांडीवरची कोंबडी सहज उचलता येते आणि पाठलाग करून तिला धापही लागत नाही. माझी धाकटी बहीण कोंबडी धरायला होती आणि माझ्या कपाळाला बॅटरी बांधलेली होती. पहिलीच कोंबडी तिने दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळली. "पंख धर, छाती दाबू नकोस," असे मला तीनदा सांगावे लागले. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. तिची फुप्फुसे बरगड्यांना चिकटलेली आणि जवळजवळ ताठ असतात, आणि हवा आत-बाहेर करण्याचे काम छातीचे हाड खाली-वर होऊन, हवेच्या पातळ पिशव्या फुगून आणि दबून होते. छातीचे हाड हलू दिले नाही तर तिचा श्वास थांबतो. आवळून धरलेली कोंबडी शांत झाली असे वाटते तेव्हा ती गुदमरत असू शकते, आणि जिचा श्वास आधीच अडला आहे तिच्या बाबतीत हा धोका दुप्पट. घरी बसून नमुना घ्यायला सांगणाऱ्या सेवेने हे वाक्य सूचनापत्राच्या डोक्यावर ठळक छापायला हवे होते. ते कुठेच नाही.

चोच उघडण्यासाठी वरची चोच अंगठा आणि तर्जनीने धरून खालची करंगळीने हलकेच खाली ओढली. आत पाहिले की टाळूला मधोमध एक लांबट फट दिसते. तिच्या कडांना मऊ काट्यांसारखी टोके असतात आणि नाकाचा मार्ग तिच्यातून तोंडात उघडतो. खाली जिभेच्या मागे दुसरे छोटे छिद्र श्वासागणिक उघडते आणि मिटते. ते श्वासनलिकेचे तोंड. नवख्या माणसाने टाळूच्या फटीत स्वॅब फिरवावा, कारण तिथे इजा होण्याची भीती कमी असते. सूचनापत्रात मात्र "घशात स्वॅब फिरवा" एवढेच लिहिलेले आहे आणि सोबतच्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चित्रात बाण नेमका कुठे रोखला आहे ते भिंगातूनही समजत नाही. तांबडीच्या टाळूच्या फटीत चिकट, पांढुरका धागा लोंबत होता. स्वॅब फिरवताच तिने मान झटकली, माझ्या चष्म्यावर शिंकली आणि धागा टोकाला गुंडाळला गेला.

स्वॅब दहा आणि नळ्या दोन, म्हणजे एका नळीत पाच कोंबड्यांचे नमुने एकत्र जाणार. असे नमुने एकत्र करणे ही मान्य पद्धत आहे आणि त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो. पण नळीचा निकाल पाचही जणींचा मिळून असतो, त्यातली कोणती बाधित आहे ते त्यातून समजत नाही. म्हणून नळ्या भरण्याआधीच आपल्याला काय विचारायचे आहे ते ठरवावे लागते. माझ्याकडे अकरा कोंबड्या. तांबडी, दोन्ही तलंगा आणि डोळ्यात फेस दिसलेल्या आणखी दोघी पहिल्या नळीत. काहीच लक्षण नसलेल्या पाच दुसऱ्या नळीत. कबरी उरली. ती निरोगी दिसत होती, शिवाय तिला पकडणे हा वेगळाच कार्यक्रम असतो, म्हणून तिला सोडले. दहाही स्वॅब आले तसे दोन नळ्यांत टाकले असते तर दोन्ही अहवाल "आढळला" असे आले असते आणि माझ्या हाती काहीच लागले नसते. नळ्या कशा वाटाव्यात याबद्दल दोन ओळींचा सल्लाही सूचनापत्रात नाही, आणि माझ्या मते या किटच्या उपयुक्ततेचा निम्मा भाग त्या दोन ओळींवर अवलंबून आहे.

पाठवण्यात चूक माझी झाली. गुरुवारी रात्री घेतलेले नमुने मी शुक्रवारी रवाना केले आणि ते सुट्टीत कुठल्यातरी गोदामात पडून राहिले. पोहोचले तेव्हा जेल-पिशव्या पूर्ण वितळलेल्या होत्या, असा शेरा प्रयोगशाळेने अहवालावर प्रामाणिकपणे लिहिला, ही जमेची बाजू. पीसीआरला जंतू जिवंत असावा लागत नाही, त्याचे जनुकीय द्रव्य पुरते. म्हणून एवढ्याने सगळे वाया जात नाही. मात्र ब्राँकायटिसच्या विषाणूचे द्रव्य आरएनए असते आणि उष्णतेत ते डीएनएपेक्षा लवकर तुटते. तेव्हा गरम झालेल्या नमुन्यात हा विषाणू "आढळला नाही" असे आले, तर त्या नकारावर इतर चार नकारांएवढा विश्वास ठेवता येत नाही. शेरा लिहिणाऱ्याने हा फरकही लिहिला असता तर तो शेरा कामाचा झाला असता.

नमुने पोहोचल्यानंतर तिसऱ्या दिवशी अहवाल आला. पहिल्या नळीत मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम आणि ब्राँकायटिसचा विषाणू हे दोन्ही आढळले, दुसऱ्या नळीत पाचांपैकी एकही नाही. एका पानाचा, दोन रंगांत छापलेला, सुबक अहवाल. लाल म्हणजे आढळला, हिरवा म्हणजे नाही. लाल किती लाल, हे त्यात नव्हते. मी पत्र पाठवून सीटी मूल्ये मागितली आणि ती दुसऱ्याच दिवशी, कुठलाही वाद न घालता, मिळाली. सीटी म्हणजे जंतूचे द्रव्य दिसू लागण्याआधी यंत्राला किती फेऱ्या कराव्या लागल्या तो आकडा. तो जितका कमी तितके द्रव्य जास्त. मायकोप्लाझ्माचा २४ होता आणि ब्राँकायटिसचा ३६. दोन वेगळ्या जंतूंचे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहू नयेत हे खरे, पण ३६ हा कुठल्याही हिशेबाने काठावरचा निकाल आहे, आणि २४ नाही. दोघांना सारख्याच लाल रंगात छापणे हे वाचणाऱ्याची दिशाभूल करणारे आहे.

ब्राँकायटिसच्या बाबतीत आणखी एक पेच होता. या रोगाची लस बहुधा जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूची असते, आणि लस दिलेल्या पक्ष्यात तो लसीचा विषाणूही पीसीआरला सापडू शकतो. दोन्ही तलंगांना ती दिलेली होती. मग आढळला तो रोगाचा विषाणू की लसीचा? कंपनीच्या मदत-क्रमांकावर हे विचारल्यावर "आपण आपल्या पशुवैद्यकांशी बोलावे" असे सौजन्यपूर्ण उत्तर मिळाले. पशुवैद्यकांनी सांगितले की या तपासणीने तो फरक कळणारच नाही, त्यासाठी जनुकक्रम वाचावा लागेल. पण अंड्यांची कवचे चांगली आहेत, दुसरी नळी स्वच्छ आहे आणि कळपभर साथ उसळलेली नाही, तेव्हा त्या ओळीमागे न धावता मायकोप्लाझ्माकडे बघू. एका लाल ओळीला महत्त्व देणे आणि दुसरीला न देणे, हा निर्णय अहवालाने घेतला नाही. तो माणसाने घेतला. ज्याच्या हाताशी कोंबड्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यक नाही, त्याने हे किट मागवण्याआधी तो शोधावा.

अमॉक्सिसिलिनचे काय, तेही तिथेच कळले. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे जिवाणूची पेशीभित्ती बनू देत नाहीत, आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तीच नसते. पूड दिली असती तर जंतूला काही झाले नसते आणि चार-पाच दिवस मात्र गेले असते. टेट्रासायक्लिन गटातील औषध चालले असते, पण ते कॅल्शियमशी बांधले जाते आणि अंडी देणाऱ्या कोंबडीपुढे शिंपल्यांचा चुरा कायम असतो. टायम्युलिन या आणखी एका प्रतिजैविकाचा विचार करताना पशुवैद्यकांनी आधी खाद्याच्या पोत्यावरचे लेबल मागवून घेतले, कारण खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिनसारखे रक्ती हगवणीविरुद्धचे औषध मिसळलेले असेल तर टायम्युलिनसोबत त्याची गंभीर विषबाधा होते. शेवटी टायलोसिन ठरले. ते रोज ताज्या पाण्यात, दुसरे कुठलेही पाणी समोर न ठेवता दिले, आणि सांगितलेली मुदत संपेपर्यंत त्या पाच जणींची अंडी खाण्यात आणली नाहीत. हा जंतू माणसाला आजारी करत नाही. अंडी बाजूला ठेवायची ती औषधाच्या अंशामुळे. आठवड्याभरात तांबडीची घरघर थांबली. उपचारानंतर "आता जंतू गेला का" हे पाहायला मी लगेच दुसरे किट वापरणार होते, पण पशुवैद्यकांनी थांबवले: प्रतिजैविकाने जंतूंची संख्या इतकी उतरते की स्वॅबमध्ये ते सापडत नाहीत, कोंबडी मात्र बहुधा जन्मभर वाहक राहते. किटच्या अर्जात पक्ष्यांना अलीकडे कोणते औषध दिले आहे, असा साधा प्रश्नही नाही. तो असायला हवा, कारण त्या उत्तराविना हिरव्या ओळीला काही अर्थ उरत नाही.

आता या किटमधील सर्वात गंभीर उणीव. पाकिटावर "श्वसनरोगांची संपूर्ण तपासणी" असे छापलेले आहे आणि ते खरे नाही. राणीखेत, म्हणजे आपण ज्याला मानमोडी म्हणतो तो रोग, आणि बर्ड फ्लू या दोघांचा या यादीत समावेश नाही. हे दोन्ही सूचनीय रोग आहेत. संशय येताच सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवायचे असते आणि तपासणी तिच्यामार्फत व्हायची असते, म्हणून खाजगी किटने ते वगळले यात गैर काही नाही. गैर आहे ते न सांगणे. कोंबड्या पटापट मरू लागल्या असतील, तुरे निळे-जांभळे पडले असतील, माना पिरगळल्या असतील किंवा पातळ हिरवट विष्ठा दिसत असेल, तर हे किट उघडूच नये; मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातांनी शिवू नये, कारण बर्ड फ्लू माणसालाही होऊ शकतो, आणि पोस्टाने नमुना पाठवून अहवालाची वाट पाहत बसू नये, थेट यंत्रणेला कळवावे. बुरशीही या यादीत नाही. भिजून बुरसटलेल्या भुश्यातील अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू फुप्फुसात बसले की कोंबडी धापा टाकते, पण तिचे नाक बहुधा कोरडे असते आणि घरघरही नसते. श्वासनलिकेत राहणारे तांबडे कृमी, ज्यांची नर-मादी जोडी कायमची चिकटून इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते आणि जे गांडुळे आणि गोगलगायी खाण्यातून येतात, तेही या तपासणीला दिसत नाहीत. आणि हवेबद्दल तर तिला काहीच कळत नाही, ज्याचा धडा मला दुसऱ्या किटने दिला.

आजारी पाच जणींना मी अवजारांच्या खोलीत हलवले होते. सहा निरोगी जुन्या खुराड्यात होत्या. त्यांना तरी गार वारा लागू नये म्हणून छपराखालच्या झरोक्यांत मी पोती कोंबली. पाच आठवड्यांनी त्या सहांतल्या दोघी शिंकू लागल्या आणि डोळे मिटून खांद्यावर घासू लागल्या. मायकोप्लाझ्मा इकडेही आला, असे धरूनच मी दुसरे किट मागवले. या वेळी एका नळीत त्या दोघी, दुसऱ्या नळीत बाकीच्या चौघी, कबरीसकट. नमुने सोमवारी पाठवले, थंड पोहोचले. दोन्ही नळ्यांत पाचही जंतू नाहीत, आणि खाली एक ठळक वाक्य: "आपल्या कोंबड्या श्वसनरोगांपासून मुक्त आहेत."

त्या वाक्याचा मला राग आला, कारण अहवाल हातात असताना समोर कोंबडी शिंकत होती. पहाटे, दार उघडण्याआधी, मी खुराड्यात शिरून गुडघ्यांवर बसले आणि डोके दांडीच्या उंचीला आणले. दोन श्वासांत डोळ्यांतून पाणी आले. उभ्याने काही जाणवत नव्हते. पाण्याच्या भांड्याखालची भुश्याची गादी ओली होऊन तिचा चिखल झाला होता. कोंबडीच्या विष्ठेतील यूरिक आम्लाचे ओलाव्यात जिवाणू अमोनिया करतात, आणि तो बाहेर जायच्या वाटा मीच पोत्यांनी बुजवल्या होत्या. खुराड्यातील हवेत अमोनिया २५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत पंचवीस भागांच्या) वर जाऊ नये असे मानले जाते. त्यापुढे श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची झाडलोट मंदावते, डोळे चुरचुरतात, आणि रोज आत-बाहेर करणाऱ्या माणसाच्या नाकाला त्याची सवय होऊन गेलेली असते. पोती काढली, ओली गादी उपसून कोरडा भुसा टाकला, पाण्याचे भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणले. दहा दिवसांत दोघींच्या शिंका थांबल्या.

तेव्हा दुसरा, पूर्ण हिरवा अहवाल मला पहिल्यापेक्षा अधिक उपयोगी पडला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही; तो नसता तर त्या सहा जणींना विनाकारण टायलोसिन पाजले असते आणि पोती तशीच राहिली असती. पण तो उपयोगी पडला तो त्याच्यावरचे वाक्य मी खरे मानले नाही म्हणून. "या पाच जंतूंपैकी एकही या नमुन्यात आढळला नाही" एवढेच लिहिले असते तर तक्रारीला जागा नव्हती.

गुण द्यायचे तर प्रयोगशाळेच्या कामाला पाचपैकी साडेचार, सूचनापत्राला दीड, पाकिटावरच्या दाव्याला शून्य, आणि सेवेला एकूण साडेतीन. चार-पाचपेक्षा कमी कोंबड्या असतील आणि एखादी मेलीच असेल, तर पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत शवविच्छेदन करून घेणे अधिक फायद्याचे. त्यात बुरशी, कृमी आणि गाठी एकाच वेळी डोळ्यांना दिसतात. मृत कोंबडी त्यासाठी फ्रिजमध्ये थंड ठेवावी, गोठवू नये. नमुना घेण्याची सूचना सुधारावी म्हणून मी कंपनीला पानभर लिहिले आहे. हातमोज्यांविषयीचा मुद्दा मान्य असल्याचे उत्तर आले, बाकीच्या मुद्द्यांवर अजून काही नाही.

मागच्या आठवड्यात शेजारच्या वहिनी टोपली घेऊन आल्या. त्यांची एक कोंबडी खुडूक बसली होती आणि तिच्याखाली ठेवायला त्यांना तांबडीची अंडी हवी होती. मायकोप्लाझ्मा अंड्यातून पिल्लात उतरतो, म्हणून मी नाही म्हटले आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून पहिला अहवाल दाखवला. त्यांनी तो खालपर्यंत नीट वाचला, मागचे कोरे पानही उलटून पाहिले. "ताई, यात अंड्यांबद्दल तर काहीच लिहिलेले नाही," त्या म्हणाल्या. नव्हतेच लिहिलेले.